महिला फुटसल : भारताचा राष्ट्रीय संघ कसा उभा राहिला आणि सीमाभागातल्या मुलींसाठी वाट कुठून जाते

खानापूर / प्रतिनिधी

जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात भारताचा महिला फुटसल संघ आशियाई पात्रता स्पर्धेत उतरला. आशियाई फुटबॉल महासंघाच्या महिला फुटसल स्पर्धेत भारत खेळण्याची ही पहिलीच वेळ. क्रिकेटच्या बातम्यांच्या गर्दीत ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. आपल्या भागात तर 'फुटसल म्हणजे टर्फवरचा फुटबॉलच ना?' इथूनच सुरुवात होते. म्हणून हा खेळ नेमका काय आहे, महिलांचा राष्ट्रीय संघ एवढ्या उशिरा का झाला आणि खानापूर, बेळगाव, निपाणी, चंदगड किंवा दोडामार्गच्या मुलीला तिथपर्यंत जायचे असेल तर कुठले दार ठोठवायचे, याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आपल्याकडे महिला फुटसलमध्ये आधी कळस चढला, पाया अजून भरायचा आहे. यात तोटा आहे तसा फायदाही आहे. जिथे रांगच लागलेली नाही, तिथे खेड्यातल्या मुलीलाही पुढे उभे राहता येते.

टर्फ म्हणजे फुटसल नव्हे

गेल्या काही वर्षांत बेळगाव शहरात आणि आजूबाजूला जाळी लावलेली टर्फ मैदाने बरीच झाली. संध्याकाळी तासाच्या भाड्याने पोरे तिथे पाच-पाच, सात-सात जणांचा फुटबॉल खेळतात. खेळ चांगलाच आहे, पण तो फुटसल नाही. टर्फवर कृत्रिम गवत असते आणि चेंडू नेहमीचा, उसळणारा असतो. बऱ्याच ठिकाणी जाळीला लागून परत आलेला चेंडूही चालतो.

फुटसल लाकडी किंवा सिंथेटिक, कडक आणि सपाट जमिनीवर खेळतात, शक्यतो छताखाली. बाजूला भिंत किंवा जाळी नसते, रेषा असतात. चेंडू रेषेबाहेर गेला की तो हाताने नव्हे, पायाने आत टाकायचा. चेंडू चार नंबरचा, मुद्दाम कमी उसळणारा. दोन मीटर उंचीवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला तो ५० ते ६५ सेंटीमीटरच वर यावा असा नियम आहे. त्यामुळे उंच मारून मोकळे होता येत नाही, चेंडू पायाशीच खेळवावा लागतो.

मुख्य नियम थोडक्यात असे :

- प्रत्येक बाजूला पाच खेळाडू, त्यातली एक गोलरक्षक. चालू खेळात कितीही वेळा बदली करता येते. संघ १४ जणींचा.
- २०-२० मिनिटांचे दोन डाव. चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबते, त्यामुळे वेळ काढता येत नाही.
- फ्री किक, कॉर्नर, बाहेरून आत टाकायचा चेंडू, हे सगळे चार सेकंदांत घ्यायचे. गोलरक्षकालाही स्वतःच्या अर्ध्या भागात चार सेकंदांपेक्षा जास्त चेंडू ठेवता येत नाही.
- ऑफसाइड नाही.
- एका डावात संघाचे पाच फाऊल झाले की सहाव्यापासून समोरच्याला आडवी भिंत न करता थेट किक मिळते, दहा मीटरच्या खुणेवरून किंवा त्याहून जवळून.
- लाल कार्ड मिळाले की ती खेळाडू बाहेर. दोन मिनिटे संघ कमी खेळाडूंनी खेळतो, मग दुसरी आत येऊ शकते. त्याआधी गोल खाल्ला तर बहुतेक वेळा लगेच.

आता हिशेब पाहू. मोठ्या फुटबॉलचे मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. आपल्या भाषेत सुमारे पावणेदोन एकर. फुटसलचे आंतरराष्ट्रीय मैदान साधारण ४० बाय २० मीटर, म्हणजे ८०० चौरस मीटर, जेमतेम आठ गुंठे. एका फुटबॉल मैदानात जवळजवळ नऊ फुटसल मैदाने बसतात. आणखी एक गोष्ट आपल्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी लक्षात घ्यावी. हँडबॉलचे मैदानही ४० बाय २० मीटरचेच आणि त्याचा गोलही तीन बाय दोन मीटरचाच. म्हणजे ज्या शाळेत हँडबॉलचे पक्के मैदान आहे, तिथे फुटसलचे मैदान आयते तयार आहे. बास्केटबॉलचे मैदान २८ बाय १५ मीटर, सामन्याला लहान पण सरावाला पुरेसे.

खेळ जुना, महिलांचा विश्वचषक नवा

फुटसलची सुरुवात १९३० ची. उरुग्वेची राजधानी मोन्तेव्हिदेओ इथे वायएमसीएमध्ये शिकवणारे हुआन कार्लोस सेरियानी यांनी मुलांना हॉलमध्ये खेळता यावे म्हणून फुटबॉलचे नियम बदलून हा खेळ बसवला. 'फुटसल' हे नावही हॉलमधला फुटबॉल या अर्थाच्या स्पॅनिश-पोर्तुगीज शब्दांवरूनच आले. पुढे ब्राझीलने तो आपलासा केला.

फिफाने पुरुषांचा पहिला फुटसल विश्वचषक १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये घेतला. महिलांचा पहिला झाला २०२५ मध्ये, फिलिपिन्समध्ये. मधे ३६ वर्षे गेली. या काळात महिला खेळत नव्हत्या असे मुळीच नाही. २०१० पासून २०१५ पर्यंत दरवर्षी महिलांची एक जागतिक स्पर्धा होत असे. तिला फिफाच्या विश्वचषकाचा दर्जा नव्हता. सहाही वेळा ब्राझील जिंकला. याच ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ महिलांना फुटबॉल खेळायला कायद्याने बंदी होती, हे सांगितले तर आज खोटे वाटते.

फिफाने मे २०२४ मध्ये महिला फुटसलची जागतिक क्रमवारी सुरू केली आणि २१ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०२५ या काळात १६ संघांचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात ब्राझीलने पोर्तुगालला ३-० असे हरवले.

आशियात कोण पुढे?

आशियात महिला फुटसल २००५ च्या आशियाई इनडोअर गेम्सपासून दिसू लागले. आशियाई महासंघाची महिलांची स्वतंत्र स्पर्धा पहिल्यांदा २०१५ मध्ये मलेशियात झाली, दुसरी २०१८ मध्ये बँकॉकला. दोन्ही वेळा इराण विजेता आणि जपान उपविजेता. पुढची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली. तिसरी झाली मे २०२५ मध्ये चीनच्या होहोत शहरात. त्यात जपानने थायलंडला पेनल्टीवर हरवले, इराण तिसरा आला. हे तिन्ही देश विश्वचषकाला गेले, फिलिपिन्सला यजमान म्हणून जागा मिळाली.

इराण एवढा पुढे कसा, हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. तिथे महिलांना उघड्या मैदानावर, पुरुष प्रेक्षकांसमोर खेळणे अवघड. बंद हॉलमधला खेळ मात्र चालत होता. मुलींनी तोच धरला. अडचणीतून काढलेली ही वाट पुढे ताकद झाली.

तरीही घरची परवानगी हा प्रश्न तिथे सुटलेला नव्हता. २०१५ च्या आशियाई स्पर्धेआधी इराणच्या निलूफर अर्दलान या अनुभवी खेळाडूला पतीने प्रवासाची परवानगी दिली नाही आणि तिथल्या कायद्यानुसार तिला मलेशियाला जाता आले नाही. संघ तिच्याशिवाय जिंकून आला. त्यावर जगभर चर्चा झाली, आणि त्याच वर्षी पुढच्या ग्वाटेमालाच्या स्पर्धेसाठी तिला खास परवानगी मिळाली. आपल्याकडे असा कायदा नाही. पण 'दहावी झाली, आता खेळ पुरे' हे वाक्य आपल्या गावांत किती घरांत ऐकू येते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर परवानगी लागत नाही, घरात लागते.

भारतात काय झाले?

भारतात महिला फुटबॉल नवा नाही. १९७५ मध्ये महिला फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना झाली, कारण मुख्य महासंघ तेव्हा महिलांचा कारभार पाहत नव्हता. १९८० मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई महिला स्पर्धेत भारत उपविजेता होता, १९८३ मध्ये पुन्हा. महिला फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला तो नव्वदच्या दशकात. महिलांची राष्ट्रीय क्लब स्पर्धा, इंडियन विमेन्स लीग, २०१६-१७ मध्ये सुरू झाली. म्हणजे खेळाडू आधी, व्यवस्था खूप नंतर, हा आपला जुना शिरस्ता.

फुटसलमध्येही तेच. २०१६ मध्ये 'प्रीमियर फुटसल' नावाची खासगी लीग झाली. रोनाल्डिन्यो, रायन गिग्ज असे मोठे खेळाडू आले, चेन्नई आणि गोव्यात सामने झाले, टीव्हीवर गाजले. पण तिला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती. दिवे विझले तसा खेळही मागे पडला.

महासंघाने स्वतःची पुरुषांची फुटसल क्लब स्पर्धा नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीत घेतली. पहिला विजेता दिल्ली एफसी. त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पुरुषांचा संघ ताजिकिस्तानात आशियाई पात्रता फेरी खेळला. पुरुषांच्या बाबतीत क्रम निदान बरोबर होता, आधी स्पर्धा, मग संघ.

महिलांच्या बाबतीत मधली पायरीच नव्हती. फिफाचा विश्वचषक ठरला, आशियाई पात्रता स्पर्धा आली आणि जानेवारी २०२५ साठी संघ उभा केला गेला. मोठ्या मैदानावर खेळणाऱ्या मुलींना फुटसलसाठी घडवायचे होते. भारताच्या गटात यजमान इंडोनेशिया आणि हाँगकाँग होते. शेवटी हेच दोन संघ चीनच्या मुख्य स्पर्धेला गेले. भारताचा प्रवास तिथेच थांबला.

हे अपयश म्हणायचे का? आमच्या मते नाही. मोठ्या मैदानावरच्या खेळाडूला फुटसलमध्ये सवयी मोडाव्या लागतात. मोठ्या मैदानात चेंडू आला की मान वर करून बघायला वेळ असतो. इथे चार सेकंद आणि दीड-दोन मीटरवर समोरची. चेंडू अडवायचा तो तळपायाने, पास लहान, पास दिला की लगेच जागा बदलायची. बदल्या हॉकीसारख्या मिनिटा-मिनिटाला. गोलरक्षक नुसती अडवणारी नाही, वेळ पडली तर पाचवी हल्लेखोर असते. हे काही आठवड्यांच्या शिबिरात अंगात मुरत नाही. जिथे मुली शाळेपासून हॉलमध्ये खेळतात, त्या देशांशी गाठ पडली की फरक दिसणारच.

एका बाजूने आशाही आहे. मोठ्या फुटबॉलमध्ये भारतीय महिलांनी ५ जुलै २०२५ रोजी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. याच थायलंडने फुटसलमध्ये आशियात दुसरा क्रमांक पटकावला. म्हणजे पायात कमी आहे असे नाही, हॉलमधल्या सरावात कमी आहे.

एक पट्टा, तीन राज्ये, तीन दारे

आता आपल्या भागाकडे. सीमाभागात राहणाऱ्यांना हे नवीन नाही : नातीगोती एक, बाजार एक, बोली एक, पण कागद वेगवेगळे. फुटबॉलमध्येही तसेच आहे. अखिल भारतीय महासंघाखाली प्रत्येक राज्याची स्वतंत्र संघटना आहे.

- खानापूर, बेळगाव, निपाणी : कर्नाटक राज्य फुटबॉल संघटना, मुख्यालय बेंगळुरू.
- चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, दोडामार्ग, सावंतवाडी : महाराष्ट्रासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, मुख्यालय मुंबई. कोल्हापुरात कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, सगळे ज्याला केएसए म्हणतात.
- साखळी, वाळपई, पेडणे, फोंडा : गोवा फुटबॉल असोसिएशन, मुख्यालय पणजी.

खानापूरच्या मुलीला बेळगाव सुमारे २५ किलोमीटर, पणजी आणि कोल्हापूर साधारण सव्वाशे-दीडशेच्या आत, पण तिच्या राज्य संघटनेचे कार्यालय ५०० किलोमीटरवर. निवड चाचणी बेंगळुरूत असली तर एक रात्र जायला, एक यायला, सोबत घरातले कुणीतरी. मुलीचा खर्च एकटीचा नसतो, नेहमी दोघांचा असतो. मजुरी बुडते ती वेगळीच. कितीतरी मुलींचा खेळ पायात नाही, या हिशेबात थांबतो.

तीन दारांचा एक फायदाही आहे. क्लबच्या खेळात खेळाडू आपल्याच जिल्ह्याला बांधलेली नसते. दुसऱ्या राज्यातल्या क्लबकडे रीतसर नोंदणी करून खेळता येते. कोल्हापूरचा एफसी कोल्हापूर सिटी हा संघ २०१८-१९ मध्ये इंडियन विमेन्स लीगपर्यंत गेला होता. गोव्यात महिलांची स्वतःची लीग आहे. बेंगळुरूत महिलांचे जुने क्लब आहेत. शिक्षण किंवा नोकरीच्या निमित्ताने मुलगी कुठे जाणार, त्याप्रमाणे दार निवडता येते. मात्र एका वेळी नोंदणी एकाच क्लबची, आणि राज्य संघातून खेळण्याचे नियम वेगळे. ते त्या त्या वर्षी जिल्हा संघटनेकडून विचारून घ्यावेत.

आपल्या भागाला हा खेळ का जमेल?

पहिले कारण पाऊस. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, कणकुंबी, जांबोटी, हेमाडगा पट्ट्यात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल. वर्षातले चार महिने सराव बंद. छताखाली आठ-दहा गुंठे सपाट जागा असेल तर तो चालू राहतो.

दुसरे कारण मुलींची संख्या. एका खेड्यातून फुटबॉलच्या अकरा मुली आणि राखीव जमवणे कठीण. पाच-सात मुली कुठेही जमतात. दहा मुलींत सरावाचा पूर्ण सामना होतो.

तिसरे कारण आपले जुने खेळ. खो-खो खेळणाऱ्या मुलीला झटक्यात दिशा बदलणे, खाली वाकून वळणे, समोरच्याला हुलकावणी देणे शिकवावे लागत नाही. कबड्डीतल्या मुलीला अंग लावून उभे राहायची भीती नसते. पायात चेंडू द्यायचा तेवढा बाकी. अर्थात ते 'तेवढे' म्हणजे दोन-तीन वर्षांचा सराव आहे, हेही खरे.

सुरुवात कशी करावी?

शाळा, मंडळ किंवा पालकांना करता येण्यासारखे :

- हँडबॉल किंवा बास्केटबॉलचे पक्के मैदान शोधावे. मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर खेळू नये, पाय घसरून गुडघा जातो.
- चेंडू फुटसलचाच घ्यावा. बाकी सगळे जुगाडाने चालेल, चेंडू नाही. नेहमीच्या चेंडूवर शिकलेली सवय पुन्हा मोडावी लागते.
- बूट सपाट रबरी तळाचे. खिळ्यांचे चालत नाहीत. नडगीचे पॅड सक्तीचे.
- मुलगी मोठ्या मैदानावर खेळत असेल तर ते सोडू नये. राष्ट्रीय संघाची निवड सध्या त्याच वाटेने झाली आहे.
- खेळाडूची नोंदणी अखिल भारतीय महासंघाच्या ऑनलाइन पद्धतीत क्लबमार्फत होते. जन्मदाखला आणि आधारवरचे नाव, तारीख जुळते का ते आधीच पाहावे. मराठी नाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलते, हा सीमाभागाचा नेहमीचा ताप. निवडीच्या वेळी धावपळ नको.
- सोळा-सतरा वर्षांच्या चांगल्या खेळाडूचा पासपोर्ट काढून ठेवावा.

प्रमाणपत्राबाबत सावध

'राष्ट्रीय फुटसल स्पर्धा' अशा नावाने पैसे भरून घेणारी जाहिरात आली की एक प्रश्न जरूर विचारावा : याला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची किंवा राज्य संघटनेची मान्यता आहे का? जगातही फुटसलच्या दोन वेगवेगळ्या संघटना आहेत. एक फिफा, दुसरी एएमएफ, तिचे नियम वेगळे आणि विश्वचषकही वेगळा. भारताच्या अधिकृत संघाची वाट फिफा, आशियाई महासंघ आणि अखिल भारतीय महासंघ अशी जाते. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळून आनंद मिळेल, अनुभवही मिळेल, पण त्या कागदावर निवड होणार नाही. नोकरी किंवा प्रवेशासाठी तो चालेल का, हे पैसे भरण्याआधी संबंधित खात्याला लेखी विचारावे.

पुढे काय हवे?

देशपातळीवर गरज आहे ती मुलींच्या नियमित फुटसल स्पर्धेची, मग ती राज्यांची असो की क्लबांची. वर्षातून एकदा शिबिर घेऊन संघ घडत नाही. आपल्या पातळीवर मागणी छोटी आहे. बेळगाव जिल्हा, कोल्हापूर आणि गोवा या तिन्हीकडच्या संघटनांनी मिळून पावसाळ्यात मुलींची एखादी फुटसल स्पर्धा भरवली तर प्रवास दोन-तीन तासांचा होईल. मुली संध्याकाळी घरी परत येतील आणि सोबत जाणाऱ्याचा मुक्कामाचा खर्च वाचेल. तालुका क्रीडांगणावर एक पक्के, छताचे ४० बाय २० चे मैदान झाले तर त्यावर हँडबॉलही होईल आणि फुटसलही. ही मागणी ग्रामपंचायत, तालुका पंचायत आणि आमदार निधीच्या यादीत कुणीतरी लिहून द्यायला हवी.

राष्ट्रीय संघ नवा आहे. त्यात कुणाची जागा ठरलेली नाही. आज सहावी-सातवीत असलेली मुलगी अजून पाच-सहा वर्षांनी निवडीच्या वयात येईल. तेवढ्या काळात तिला पायाखाली सपाट जमीन आणि घरातून होकार, या दोन गोष्टी मिळाल्या तर बाकीचे ती बघून घेईल.